तेजलचा कोपरा

१

झुंबर पगारे कुठल्याही खोलीत शिरला की आधी टाळी वाजवायचा. चपला दारात, एक खणखणीत टाळी, आणि मग जय भीम. चांदवडला लताला बघायला गेला तेव्हा मुलगी पसंत आहे की नाही हे सांगायच्या आधी त्यानं तिच्या बापाला "तुमची खोली फार घुमते" असं सांगितलं होतं. सासरवाडीत ही गोष्ट अजून कुणी विसरलेलं नाही.

पण त्याच्या कामात टाळीला मोल होतं. रिकाम्या खोलीत टाळी वाजवली की भिंती ती एकमेकींकडे टोलवतात आणि मागे एक बारीक 'टणण' उरतं. आपल्याला ते जाणवतही नाही, माइकला मात्र बरोबर सापडतं, आणि मग चांगला गळासुद्धा हौदात बसून गायल्यासारखा ऐकू येतो. आधी ते टणण मारायचं, मग रेकॉर्डिंग. सातपूरच्या कामगार वसाहतीत, घराच्या मागच्या दहा बाय नऊच्या खोलीत झुंबरचं हे चालायचं. सकाळी कारखान्यात टर्नर, दुपारनंतर स्टुडिओचा मालक. भीमगीतं, हळदीची गाणी, निवडणुकीत रिक्षावर वाजवायचा प्रचार, जे येईल ते.

सुरुवातीला त्यानंही सगळ्यांसारखे भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले. आवाजात फरक शून्य. "अंडी तेवढी पोटात गेली," लता म्हणायची. मग ट्रे काढून त्यानं जुन्या गाद्या टांगल्या, खिडकी भुशाच्या पोत्यांनी बुजवली आणि टाळ्या वाजवत वाजवत एकेक भिंत गप्प केली. एक कोपरा तेवढा ऐकेना. दारातून आत आलं की उजव्या हाताचा, मागचा.

१९९५ च्या हिवाळ्यात तोही गप्प झाला. झुंबरची मुलगी तेजल, तेव्हा सहा वर्षांची, थंडी वाजते म्हणून गोधडी गुंडाळून तिथे उभी होती. झुंबरनं सवयीनं टाळी वाजवली आणि तो जागीच थांबला. टणण नव्हतं. त्यानं नुसती गोधडी खिळ्याला टांगून पाहिली, टणण परत आलं. गोधडीत उशा कोंबून पाहिल्या, तरी आलं. आत तेजल असली तरच कोपरा गप्प राहायचा. एवढ्याशा पोरीनं हे कसं होतं ते त्याला कधी कळलं नाही, आणि काम भागत होतं म्हणून त्यानं फार डोकंही चालवलं नाही.

तेव्हापासून रेकॉर्डिंग असलं की हाक जायची, "तेजल, कोपरा!" आणि पोरगी गोधडी ओढत धावत यायची. हलायचं नाही, खोकायचं नाही, गाणं संपेपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. तिला त्याचा कोण अभिमान! शाळेत बाईंना तिनं सांगून टाकलं होतं की मी आमच्या स्टुडिओत कामाला आहे. लताला हे रुचायचं नाही, पण बापलेकीचं एवढं गूळपीठ, तिथे तिचं कोण ऐकणार.

२

मार्च १९९७. भीमजयंतीच्या आधी कॅसेट बाजारात यायला हवी होती. ओझरच्या कमळाबाई आपला संच घेऊन आल्या होत्या आणि एका दिवसात आठ गाणी उरकायची होती. पंखा चालू ठेवला तर त्याची घरघर माइकमध्ये येते, म्हणून पंखा बंद. ढोलकीवाल्याच्या बनियनमधून पाणी ठिबकत होतं.

सहावं गाणं झाल्यावर तेजल म्हणाली, "पप्पा, पोटात दुखतंय."

झुंबरनं हेडफोन एका कानावरून सरकवला आणि मागे वळून पाहिलं. तिच्या कपाळावर घाम होता. पण घाम सगळ्यांनाच होता, आणि ती तर गोधडीत होती. "दोनच गाणी राहिलीत बाळा," तो म्हणाला. "मग आपण उसाचा रस प्यायला जाऊ."

तिनं मान हलवली आणि भिंतीला टेकली. सातवं गाणं नीट झालं. आठवं बिघडलं, म्हणून परत घेतलं. मग ढोलकी चुकली, म्हणून तिसऱ्यांदा घेतलं. एवढ्या वेळात तिच्याकडून हूं की चूं आलं नाही. शेवटचा सूर विरला, झुंबरनं टेप थांबवली आणि मागे गोधडी भिंतीवरून घसरत खाली बसल्याचा आवाज आला.

अपेंडिक्स फुटलं होतं. तिसऱ्या दिवशी तेजल गेली. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन तास आधी आणली असती तर काही करता आलं असतं. दवाखान्याच्या जिन्यात लतानं विचारलं, "तुम्हाला काहीच कशी बोलली नाही ती?"

"नाही," झुंबर म्हणाला.

त्या एका खोट्यावर पुढची तीन वर्षं दोघांनी एका ताटात जेवण केलं. लताला वाटायचं की पोरीनं आईजवळ असायला हवं होतं. झुंबरला काय वाटायचं ते तो कुणाला सांगू शकत नव्हता.

३

खोलीला अडीच वर्षं कुलूप होतं. १९९९ च्या दिवाळीनंतर लतानंच किल्ली त्याच्या हातात दिली. "तुम्ही काही करत नाही, नुसते भिंतीकडे बघत बसता," ती म्हणाली. "उघडा ती खोली. मला नाही बघवत तुमच्याकडे."

या वेळी काम रीतसर करायचं असं त्यानं ठरवलं. सुताराकडून लाकडी चौकटी, पिंजाऱ्याकडून दाबून भरलेला कापूस, वरून निळं जाड कापड. अशी पॅनेलं टाळीच्या अंदाजानं मोजक्या जागी लावायची. कुणाला उभं करायची गरजच पडायला नको. जुन्या गाद्या, पोती, सतरंजी, सगळं त्यानं बाहेर काढलं. खोली झाडली. मधोमध उभा राहून त्यानं टाळी वाजवली.

टणण आलं. समोरच्या भिंतीकडून, डावीकडून, छताकडून. मागच्या उजव्या कोपऱ्याकडून आलं नाही.

त्यानं वळून पाहिलं. चुना दिलेल्या दोन भिंती, खाली फरशी, आणखी काही नाही. त्यानं त्या बाजूला तोंड करून परत टाळी वाजवली. आवाज गेला आणि तिथेच राहिला.

झुंबर यंत्रावर काम करणारा माणूस. सुताएवढा फरक पडला तरी त्याला कारण असतं हे त्याला कारखान्यानं शिकवलं होतं. ओल असेल, असं आधी वाटलं. भिंतीला हात लावला तर ती खडखडीत कोरडी. गिलावा आतून सुटला असेल म्हणून त्यानं छिन्नीनं तो खरवडून काढला आणि नवा केला. पलीकडे शेजाऱ्यांचं कपाट-बिपाट असेल म्हणून बाहेर जाऊन पाहिलं. पलीकडे नुसता बोळ, तिथे एक मांजर झोपलेलं. आठ दिवसांनी नवा गिलावा वाळला. त्यानं दार लावून घेतलं आणि टाळी वाजवली.

कोपरा गप्पच होता. त्या दिवशी जेवताना लतानं दोनदा विचारलं की भाजीत मीठ कमी आहे का, आणि दोन्ही वेळा त्याला ऐकू गेलं नाही.

४

पुढचं काम त्यानं का केलं हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. कोपऱ्यापासून हातभर अंतरावर उभं राहून तो वेगवेगळ्या उंचीवर टाळी वाजवू लागला. स्टुलावर चढून डोक्याच्या वर, मग छातीशी, मग गुडघ्यावर बसून, मग जमिनीलगत. वर टणण येत होतं. छातीशी येत होतं. कमरेच्या पट्ट्याच्या थोडं वर एका जागी ते तुटलं, आणि तिथून फरशीपर्यंत काही नव्हतं.

त्यानं भिंतीवर पेन्सिलनं खूण केली आणि मोजायची टेप लावली. पावणेचार फूट.

तो फरशीवर बसला. खोलीत दुपारचं ऊन दारातून आत आलं होतं, बाहेर भांडी घासल्याचा आवाज येत होता, आणि समोरच्या कोपऱ्यात डोळ्यांना दिसेल असं काही नव्हतं. भीती वाटायला हवी होती. त्याऐवजी त्याला रडू फुटलं, आणि लताला ऐकू जाऊ नये म्हणून त्यानं बाही तोंडात धरली.

त्यानंतर कारखान्यातून आला की तो आधी त्या खोलीत जायचा. दार लावायचा, टाळी वाजवायचा आणि खात्री झाली की चहाला बाहेर यायचा. हात पुढे करून त्या जागेला लावून बघावं असं त्याला रोज वाटायचं, आणि रोज हात अर्ध्यावरून मागे यायचा. हाताला काही लागलं तर काय, आणि काहीच लागलं नाही तर काय, दोन्ही त्याला सोसणार नव्हतं. बाकीच्या भिंतींवर पॅनेलं चढली. कोपऱ्याचं पॅनेल तयार होऊन बाहेरच्या खोलीत उभं होतं. लतानं त्यावर वाळलेले कपडे टाकायला सुरुवात केली होती.

"एवढं एक राहिलंय ते का लावत नाही?" ती विचारायची.

"लावतो," तो म्हणायचा. ते लावलं की कोपऱ्यातली ती शांतता कापसाची की तेजलची, हे कुठल्याच टाळीला ओळखता येणार नव्हतं, आणि ती त्याच्या हातातून दुसऱ्यांदा गेली असती.

५

फेब्रुवारीत कमळाबाई खोली बघायला आल्या. बाईंचा आवाज तसाच होता, पण त्या दारात क्षणभर अडखळल्या आणि मगच आत आल्या. झुंबरनं माइक लावला. त्यांनी एक आलाप घेतला, दुसरा घेतला आणि मध्येच थांबल्या.

"झुंबरदादा, त्या कोपऱ्यात काय ठिवलंय?"

"काही नाही. पॅनेल लावायचं राहिलंय."

"नाय, काहीतरी हाय. माझा सूर तिकडं जातो न् परतच येत नाय." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "भिंतीपुढं गायलं तर गळ्याला कळतं बघा. आन मानूस पुढ्यात उभं असलं तरी कळतं. चाळीस वर्सं गातेय मी."

झुंबर वायर गुंडाळत राहिला. कमळाबाई दारापर्यंत जाऊन थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "त्या दिशी मी पोरीच्या तोंडाकडं बघितलं व्हतं. पांढरी पडली व्हती. मला वाटलं, गरमीनं. आपुन बोलायला पायजे व्हतं रं दादा." आणि चहाही न घेता निघून गेल्या.

म्हणजे हे एकट्या त्याच्या कानाचं नव्हतं. त्या आठवड्यात तो कधी नव्हे इतका आनंदात होता, आणि लताला त्याची जास्तच काळजी वाटू लागली.

मार्च लागला तशी ती उंची उतरू लागली. आधी साडेतीन फूट झाली, चार दिवसांनी सव्वातीन. हवा तापली की आवाजाची चाल बदलते, असं झुंबरनं स्वतःला समजावलं. पण बाकीच्या भिंतींना तीच हवा होती आणि त्यांच्यात काही फरक नव्हता. एका रविवारी ती उंची तीन फुटांच्याही खाली गेली. टेप हातात धरून तो कोपऱ्याकडे बघत उभा राहिला. मग, काही न ठरवता, त्यानं स्वतःच्या पोटावर दोन्ही हात दाबले आणि तो पुढे वाकला. पोटात कळ आली की माणूस वाकतो तसा. वाकलेलं आपलं डोकं जमिनीपासून किती वर येतं, आणि एवढ्याशा पोरीचं किती येईल, हे त्याच्या ध्यानात आलं.

टेप त्याच्या हातातून सुटून खर्रकन मिटली.

६

लता स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. तो तिच्यासमोर येऊन खाली बसला.

"ती मला म्हणाली होती," तो म्हणाला.

"कोण?"

"तेजल. सहावं गाणं झाल्यावर. पोटात दुखतंय म्हणाली. मी म्हटलं, दोनच गाणी राहिलीत."

लताचे हात चालत राहिले. चार-पाच काड्या निवडून झाल्या. मग तिनं जुडी खाली ठेवली. तो पुढचंही सांगत सुटला; टाळी, गिलावा, पावणेचार फूट, कमळाबाई, आणि आता तीन फूट. सगळं एका दमात. वेडा ठरवेल, तोंडात मारेल, माहेरी निघून जाईल, यातलं काहीही झालं असतं तरी त्याला चाललं असतं. लता उठली आणि सरळ मागच्या खोलीत गेली.

"वाजवा," कोपऱ्यासमोर उभी राहून ती म्हणाली.

त्यानं वाजवली.

"परत."

त्यानं परत वाजवली. दहा वेळा, पंधरा वेळा. लता डोळे मिटून, मान पुढे काढून ऐकत होती.

"मला काहीच कसं कळत नाही हो?" ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "नऊ महिने मी पोटात वागवली तिला. तुम्हाला ऐकू येते, त्या गाणाऱ्या बाईला येते, आणि मला नुसती टाळी ऐकू येते!"

झुंबर तिच्या खांद्याला हात लावायला गेला. तिनं तो झटकला.

"उभी आहे म्हणता ना? अजून?"

"हो."

"दुखतंय तरी?"

तो भिंतीवरच्या पेन्सिलच्या खुणेकडे बघू लागला.

"तुम्ही सांगितलंत हलू नको, ती हलली नाही. तीन वर्षं झाली!" लता ओरडली. "आणि तुम्ही रोज येऊन टाळी वाजवून बघताय, आहे का कामावर म्हणून! बाप आहात का कोण आहात?"

"लता, पॅनेल लावलं तर ती जाईल गं."

"मग जाऊ द्या. तिच्या जागी काहीतरी उभं केल्याशिवाय ती कशी निघेल? तुमचीच पोर ती. काम टाकून जायची नाही."

७

दुसऱ्या दिवशी त्यानं सुट्टी टाकली. सकाळचे दहा वाजले होते. लतानं पॅनेलवरचे कपडे काढले, दोघांनी ते उचलून आत आणलं. कोपऱ्याचं पॅनेल सहा फूट उंच, आणि ते कोपऱ्यात तिरकं बसतं, एक कड या भिंतीला, दुसरी त्या भिंतीला. मागे तिकोनी पोकळी राहते. दोन्ही भिंतींवर पट्ट्या ठोकून ठेवल्या होत्या. कडा त्यांना टेकल्या की वरखाली चार स्क्रू, एवढंच काम.

झुंबरनं पॅनेल उभं करून आत सरकवलं. वरचा भाग पट्ट्यांना टेकला. खालचा टेकेना. गुडघ्यापासून मांडीपर्यंत पट्टी आणि चौकट यांच्यात चार बोटांची फट राहत होती.

"चौकट वाकडी झाली असेल," तो म्हणाला. चौकट वाकडी नव्हती, कालच त्यानं गुण्या लावून तिचा काटकोन तपासला होता. त्यानं खाली बसून तळवे लावले आणि जोर दिला. कापड आत गेलं, त्यामागचा कापूस दबला, आणि त्याच्याही मागे काहीतरी होतं. ते भिंतीसारखं कडक नव्हतं. त्यानं जोर कमी केला तसं पॅनेल हळूच पुढे आलं, आणि जोर वाढवला तसं मागे गेलं.

झुंबरनं तळवे काढून घेतले. "लता, माझ्यानं नाही होणार."

लता त्याच्या शेजारी बसली. तिनं आपला तळवा निळ्या कापडावर, त्या उंचीवर ठेवला. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते झुंबरनं तेजलच्या जन्माच्या दिवशी पाहिलं होतं, त्यानंतर आजच. तिला कानानं कळलं नव्हतं ते हाताला कळलं. तिनं गाल पॅनेलला लावला, दोन्ही हात पसरले आणि त्या चौकटीला धरून ती तशीच बसून राहिली.

"बाळा," ती म्हणाली, "हे बघ, आम्ही दुसरं आणलंय. तू ये आता."

किती वेळ गेला कुणास ठाऊक. बोळातून भंगारवाला ओरडत गेला. मग पॅनेलनं एक लहानसा धक्का खाल्ला आणि खालची कड पट्टीला टेकली, सुतारानं मापून केली होती तशी. फट राहिली नाही. झुंबरनं घाईघाईनं चारही स्क्रू पिळले, कारण थांबला असता तर त्याचा हात पुन्हा चालला नसता.

"गेली का हो?" लतानं विचारलं.

तो उठला, खोलीच्या मधोमध गेला आणि टाळी वाजवली. ती तळव्यांपाशीच संपली. चारी भिंती गप्प, चारी कोपरे गप्प. अशी खोली व्हावी म्हणून तो दहा वर्षं धडपडत होता.

"कळत नाही," तो म्हणाला. "आता इथे काहीच कळणार नाही."

"म्हणजे?"

"निघून गेली असेल." त्यानं ओठ ओले केले. "नाहीतर पॅनेलला जागा व्हावी म्हणून अंग चोरून मागे बसली असेल."

लता पॅनेलकडे बघत राहिली. "काढून बघू?" त्यानं विचारलं, आणि ती इतक्या जोरात "नको" म्हणाली की तो दचकला. "काढलंत तर तिला वाटेल, परत बोलावलं."

मग तिनं स्वतःचे हात वर केले आणि टाळी वाजवली. मान कलती करून ऐकलं. पुन्हा वाजवली. झुंबर म्हणाला, अगं, या खोलीत नाही ऐकू येणार, कुणालाच नाही. तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तळवे लाल झाले तरी ती वाजवतच राहिली, आणि प्रत्येक टाळीनंतर कोपऱ्याकडे कान देऊन थांबत होती.